शिळं पाणी

"चंदे, शेवटचं इचारतो. येईल ना गं पाणी?"

अण्णांच्या हातात पहार होती आणि पहारीच्या टोकावर आमचा धुण्याचा दगड. परीटघाटावर प्रत्येक घराचा आपापला दगड असतो. आमचा आजोबांनी बसवलेला. कपडे आपटून आपटून त्याची एक कड गुळगुळीत झाली होती, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्यावर कधी बसत नसत. तो दगड त्या मंगळवारी सकाळी अर्धा जमिनीबाहेर आला होता. मागं ट्रॉली उभी होती, तिच्यात रंगनाथकाकांचा दगड आधीच चढला होता.

"येईल, अण्णा. किती वेळा सांगू?" मी खेकसलेच. "बाराही महिने येईल. मोजलंय मी."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी पहारीवर जोर दिला.

मला मात्र 'झालं' असं वाटत नव्हतं. आठवडाभर काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. गणित तीनदा तपासलं होतं. चूक कुठंच नव्हती. तरी एका जागी बसवत नव्हतं, जेवण जात नव्हतं, आणि कुणी साधं काही विचारलं तरी मी अंगावर जात होते. तशी मी मुळातच तोंडाळ, पण त्या आठवड्यात आई म्हणाली, "हिला इंगळी डसल्यागत झालंय."

सांगायचं म्हणजे, मी तेव्हा सावरगड नगरपरिषदेत ज्युनियर इंजिनियर होते. आमच्या परीट आळीतली पहिली. गावाला पाणी आठ दिवसांनी यायचं, आणि नेमकं अशाच गावात सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची मोठी योजना आली होती. गावाचं सगळं गटाराचं पाणी नाल्याच्या तोंडाशी अडवायचं, स्वच्छ करायचं आणि विकायचं. पहिला हक्क कारखान्यांच्या वसाहतीचा. तिला देऊन उरेल ते आमच्या परीट सोसायटीला. सोसायटीला नवीन शेड मिळणार, शेडमध्ये धुलाईची मशिनं. बदल्यात दगड काढून घाट आणि घाटावरची विहीर नगरपरिषदेला द्यायची, तिथं विहीर बुजवून बसस्टँड होणार होता.

गटाराच्या पाण्यात कपडे कसे धुणार, म्हणून गावात लोक नाकं मुरडायचे. अण्णा सोसायटीचे चेअरमन. ते म्हणायचे, "वास गेला, रंग गेला की पाणी ते पाणी. धुण्यातलं आमाला शिकवू नका."

अडचण एकच होती. पाणी किती येणार? आज किती, आणि पुढची पंधरा वर्षं किती? हा आकडा काढायचं काम माझं होतं. नाल्याच्या तोंडाशी मी पत्र्याची एक फळी ठोकून घेतली होती, मधोमध त्रिकोणी खाच. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं ते पट्टीनं मोजायचं, की दिवसाचा हिशेब निघतो. महिनाभर मोजलं. पाणी भरपूर होतं. कारखान्यांना देऊन आमचा घाट दोनदा भिजेल एवढं. लोकसंख्या वाढणार, दोन-चार वर्षांत गावाला रोज पाणी मिळणार, म्हणजे नाला अजून फुगणार. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि आळीत सगळे म्हणाले, "आपली पोर सांगू लागली म्हणल्यावर इचारायचं काय?"

तेच मला सोसत नव्हतं. साहेबांचा आकडा असता तर आमच्या लोकांनी चार वेळा उलटतपासणी केली असती. माझा होता, म्हणून दगड उचलून ट्रॉलीत घातले. कराराच्या सह्या गुरुवारी व्हायच्या होत्या.

घाटावरून घरी आले तोच आईची हाक आली, "चंदे, आलं बघ! नळ आला!"

सोमवारी वरच्या गावाला पाणी आणि मंगळवारी आमच्या खालच्या गावाला. पाणी आलं की आमच्या आळीत जे व्हायचं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पोरं शाळेतून पळून यायची. सासवा-सुनांची भांडणं तहकूब व्हायची. आई तर पदर खोचून अशी उभी राहायची की वाटावं लढाईला निघालीय.

"ते पिंप धर तिकडून," ती म्हणाली. "वत आधी. शिळं हाय."

मी पिंपाचा काठ धरला. आम्ही दोघींनी ते कलतं केलं आणि अर्ध्या पिंपाहून जास्त पाणी भसकन गटारात गेलं. मग रांजण. मग हंडे. मग न्हाणीतली टाकी. लहानपणापासून दर मंगळवारी मी हेच करत आले होते. नवं पाणी आलं की जुनं शिळं. शिळं पाणी भांड्यात ठेवून त्यावर ताजं भरायचं म्हणजे विटाळ केल्यासारखं. सात दिवस आई वाटीवाटीनं पाणी वापरायची, पाहुणा आला तर त्याला अर्धा पेला द्यायची, 'पुन्यांदा लागलं तर माग' म्हणायची. पण आठव्या दिवशी नळाला पाणी आलं की उरलेलं सगळं ओतायची.

मी रिकामं पिंप धरून तशीच उभी राहिले.

समोर ठकूकाकू हौदाच्या तळातल्या भोकाची बोळी काढत होत्या. त्यांच्या पलीकडे दोघी सुना घंगाळं उलटं करत होत्या. आळीच्या टोकापर्यंत प्रत्येक दारात बाया पाणी ओतत होत्या, आणि ज्यांची भांडी भरून झाली त्यांचे बिनतोटीचे नळ मोकळे वाहत होते. गटार काठोकाठ फुगलं होतं. ते पाणी कुठं चाललं होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माझ्या त्रिकोणी खाचेकडे.

"आता काय झालं? भूत दिसलं का?" आई ओरडली. "लाव की नळाखाली!"

मी पिंप लावलं. महिनाभर मी मोजायला गेले होते ते नगरपरिषदेच्या जीपमधून. जीप मला फक्त सोमवारी आणि मंगळवारी मिळायची, कारण त्या दिवशी ती व्हॉल्व्ह सोडायला बाहेर पडायची आणि जाता जाता मला नाल्यावर टाकायची. एरवी ती साहेबांच्या पोरांना शाळेत पोचवायची. म्हणजे मी मोजलं होतं ते गावाचं रोजचं पाणी नव्हतंच. गाव आठवड्याचं शिळं पाणी ज्या दिवशी ओततं, त्या दिवसाचं पाणी होतं ते.

बुधवारी मी भावाची सायकल काढली आणि नाल्यावर गेले. खाचेच्या अगदी तळाशी करंगळीएवढी धार होती. गुरुवारी सकाळी परत गेले. तीच धार. कारखान्यांची वसाहत ती एका घोटात पिऊन टाकणार होती. आमच्या शेडला काय, साबणाचा फेस?

तिथूनच तशीच ऑफिसात शिरले. लोहगावकर साहेबांना सगळं सांगितलं. ते मनानं वाईट नव्हते, पण निवृत्तीला आले होते आणि त्यांना योजना मार्गी लावून सुटायचं होतं.

"मॅडम, या गावात घागरीसाठी डोकी फुटतात," ते म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता लोक पाणी ओतून देतात? वर कळवलं तर मला वेड्यात काढतील."

"माझ्या हातानं ओतलंय साहेब मी."

"बरं, धरून चालू. पण रोज पाणी सुरू झालं की नाला वाढेलच ना?"

"उलट कमी होईल. रोज ताजं आलं तर शिळं व्हायला उरेल काय? तो सोमवार-मंगळवारचा लोंढाही जाईल. आज आठवड्यात दोन दिवस तरी नाला भरतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळू आवाजात म्हणाले, "आकडा बदलला तर शेडची मंजुरी जाईल. मशिनं जातील. तुमच्याच लोकांची. ते तुम्हाला काय म्हणतील, विचार केलाय?"

केला होता. कालपासून दुसरं काही केलंच नव्हतं. आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर मशिनचं एक रंगीत चित्र होतं. कंपनीच्या माहितीपत्रकातलं कापून आईनं भाताच्या शितांनी चिकटवलं होतं. तिचे हात सोड्यानं उललेले, बोटांच्या पेरांत भेगा, थंडीत त्यातून रक्त यायचं. भाकरी थापताना ती पीठ जास्त घ्यायची, भाकरी चिकटू नये म्हणून नव्हे, भेगांत ओलं पीठ झोंबू नये म्हणून. आळीत सगळ्यांत जास्त त्या मशिनची वाट कुणी बघत असेल, तर माझी आई.

दुपारी समाजमंदिरात बैठक भरली. सह्यांचे कागद विलासच्या मांडीवर होते. विलास म्हणजे रंगनाथकाकांचा मुलगा. नवी मशिनं तोच चालवणार होता, त्यासाठी पुण्याला जाऊन शिकून आला होता. मी उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगताना माझा आवाज चढत गेला, ती माझी खोडच.

मग ठकूकाकू ताडकन उठल्या.

"आमी पाणी टाकतो? आमी? अगं, तान्ह्या लेकराला अर्ध्या तांब्यात न्हाऊ घातलंय मी! आन् तू चार बुकं शिकून आमाला नासधुशी म्हणतीस?"

"काकू, परवा तुम्ही हौदाची बोळी काढली. मी बघितलं."

"हौद घासायला काढली! घासू नको का?"

सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. कुणी म्हणे भांडी विसळली, कुणी म्हणे सडा टाकला. पाणी टाकतो असं म्हणायला एकही तयार नव्हती. आमच्या गावात चोरी कबूल करतील, पण पाणी वाया घालवलं हे मरेपर्यंत कबूल करणार नाहीत.

"मग चला नाल्यावर," मी म्हणाले. "डोळ्यांनी बघा."

"नाला काय बघायचा?" रंगनाथकाका म्हणाले. "वरच्या अंगाला मळेवाल्यानं मोटार टाकली आसंल. आज हाय, उद्या न्हाई."

विलास माझ्याकडे बघतही नव्हता. "ताई, तुझं झालं सगळं. नोकरी झाली, पगार झाला. आता आमचं बरं व्हायला लागलं तर तुला खुपतंय का?"

ते शब्द मला लागले. आजही लागतात. मी आईकडे बघितलं. ती बायांच्या मागच्या रांगेत बसली होती, हात पदराखाली. परवा आम्ही दोघींनी मिळून पिंप ओतलं होतं. तिनं एकदा 'व्हय' म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं मान खाली घातली आणि सतरंजीचा दोरा ओढत बसली. मला तिचा भयंकर राग आला.

शेवटी अण्णांनी विचारलं, "मंगळवारी म्हणालीस येईल. आज म्हणतीस येणार न्हाई. कुठलं धरू, चंदे?"

"आजचं."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ डोकं खाजवलं.

"बरं," ते म्हणाले. "येता मंगळवार येऊ द्या. पोर म्हणती आळी शिळं पाणी टाकती. बाया म्हणत्यात न्हाई टाकत. मंगळवारी मी दारात बाज टाकून बसतो. कुणी टाकलं न्हाई, तर पोर खोटी, मी सही करतो. टाकलं, तर पोर खरी आन् दगड परत जाग्यावर. तवर ट्रॉली हाय तशी ऱ्हाऊ द्या."

विलास हसला. बायाही हसल्या. तिथल्या तिथंच सगळ्यांचं ठरून गेलं, मला दिसलं ते. नुसतं एक दिवस पाणी टाकायचं नाही, एवढंच तर होतं. मशिनं येणार होती.

ते पाच दिवस घरात मी आणि आई एका शब्दानं बोललो नाही. ती ताट वाढायची, मी जेवायचे. मी पट्टी घेऊन रोज सकाळी नाल्यावर जायचे. करंगळीएवढी धार. सोमवारी वरच्या गावाला पाणी आलं आणि नाला फुगला. मी एकटी काठावर उभी राहून त्या पाण्याला शिव्या दिल्या.

मंगळवार उजाडला. अण्णांनी खरंच बाज टाकली. त्यांच्याशेजारी रंगनाथकाका, आणि विलास खिशात पेन लावून. पाणी आलं.

आणि आळीत कुणी हललं नाही.

असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येक दारात भरलेली भांडी, प्रत्येक भांड्यात अर्धंमुर्धं जुनं पाणी, आणि शेजारी नळ भळाभळा वाहतोय. बायांनी चमच्या-वाटीनं जुन्यावरच नवं घालून भांडी काठापर्यंत नेली. मग ठेवायला जागा नाही. ताजं पाणी सरळ गटारात चाललं होतं आणि शिळं घरात मुक्कामाला होतं. ठकूकाकूंनी हौदावरचं झाकण उचललं, आत बघितलं, नाक दाबलं आणि झाकण ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

"पिवळट दिसू लागलंय गं," त्यांची सून कुजबुजली.

"गप बस. येक दिवस प्यायलं तर काय मरत न्हाईस."

"आत्याबाई, किडा हाय."

"गप म्हणलं ना!"

मला हसू यायला हवं होतं. पण येत नव्हतं. मी हरले होते आणि हरल्याचं दुःख नव्हतं. अजून तासाभरात अण्णा सही करतील, महिनाभरात विहिरीत मुरूम पडेल आणि मग उन्हाळा येईल. तेव्हा हीच माणसं कोरड्या शेडमध्ये मशिनांपुढं बसतील आणि मी काय करणार? 'मी सांगितलं होतं' म्हणणार?

आई पिंपाजवळ उभी होती. तिनं आत हात घातला, पाणी ओंजळीत घेतलं आणि वास घेतला. मग ती घरात गेली. ती देव्हाऱ्यापुढं उभी असलेली मला खिडकीतून दिसली. हात जोडलेले नव्हते. ती शेजारच्या भिंतीकडे, त्या चित्राकडे बघत होती. बाहेर आली तेव्हा तिनं पदर खोचला होता.

"धर गं तिकडून," ती मला म्हणाली. पाच दिवसांतलं पहिलं वाक्य.

"आई..."

"धर म्हणते ना! माझ्या एकलीच्यानं उलथतंय व्हय ते?"

मी धरलं. आम्ही दोघींनी पिंप उलथलं. भरलेलं होतं, आळीभर आवाज झाला. पाणी अण्णांच्या बाजेखालून वाहत गेलं आणि रंगनाथकाकांनी घाईनं पाय वर घेतले.

"वैनी, काय केलं हे?" विलासच्या आधी तेच ओरडले.

आई आळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दिरासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"शिळं व्हतं, टाकलं. दर मंगळवारी टाकते. माझी सासू टाकायची, तिची सासू टाकायची. तुमीबी टाकता. उगं कशापायी लेकरांना किडं पाजता? मशिनीपायी?" तिचा आवाज फाटला. "माझी पोर आगाऊ हाय, तोंडाची फटकळ हाय, पण खोटं बोलत न्हाई ती."

मग ठकूकाकूंनी हौदात हात घालून बोळी उपसली.

"जळ्ळं मेलं! सकाळपासनं माझे हात शिवशिवत व्हते."

आणि सगळी आळी उलथली. हंडे, घागरी, घंगाळं, टिपं. गटार फुगून रस्त्यावर आलं. कुणीतरी खो खो हसायला लागलं, कुणी रडत होतं, पोरं पाण्यात नाचत होती. विलासनं कागद दुमडून खिशात घातले आणि तो निघून गेला. अण्णा बाजेवरून उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी भिंतीशी टेकवलेली पहार घेतली आणि घाटाकडे चालू लागले. थोड्या वेळानं रंगनाथकाकाही मागोमाग गेले. एकट्याला दगड बसवता येत नाही.

मी खरा आकडा लेखी दिला. शेड गेली, मशिनं गेली. साहेबांनी मला जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर बसवलं. विलास दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही आणि पुढं पुण्यालाच राहिला. आळीतल्या काहींनी मला आजही माफ केलेलं नाही, आणि मी त्यांना चूक म्हणत नाही. पुढं कधीतरी गावाला रोज पाणी सुरू झालं. नाल्यातला सोमवार-मंगळवारचा लोंढा गेला, धार तेवढी राहिली. कारखान्यांची वसाहत आता टँकर मागवते. घाटावरची विहीर उन्हाळ्यात तळाला जाते, पण आटत नाही. आमचा दगड अजून तिथंच आहे, थोडा कलता बसलाय.

पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी संध्याकाळी आई चुलीपुढं बसून हातांना खोबरेल चोळत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा हात माझ्या हातात घेतला आणि भेगांवर तेल लावू लागले. ती हात सोडवून घेईल असं वाटलं, पण तिनं घेतला नाही.

"चंदे," ती म्हणाली, "त्या मशिनीत हात घालावाच लागत न्हाई म्हणे. खरं का गं?"

"खरं आहे, आई."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही. कपडे घालायचे आणि झाकण लावायचं."

"हं," ती म्हणाली, आणि दुसरा हात तिनं माझ्यापुढं केला.